पान्ह्याचे निरोप

1928 च्या उन्हाळ्यात बारडोली तालुक्यातल्या म्हशींना उजेड क्वचितच दिसला. मुंबई सरकारने शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला होता आणि तो भरायचा नाही, अशी शपथ शेतकऱ्यांनी घेतली होती. जप्तीला आलेला अंमलदार पहिला हात टाकायचा तो जनावरावर, कारण म्हैस हाकून नेता येते. मग गावोगाव माणसे आणि म्हशी एकाच घरात, दारांना कड्या लावून कोंडून राहिल्या, दोन-दोन, तीन-तीन महिने. वेशीवर पोरे पहारा द्यायची आणि जप्तीवाले दिसले की ढोल वाजायचे, शंख फुंकले जायचे. अंधारात राहून म्हशी फिक्या पडल्या, तेव्हा इंग्रजांच्या राज्यात म्हशींच्याही मडमा झाल्या, अशी थट्टा वल्लभभाई पटेलांनी सभांतून केली. लोक हसले. म्हशी मात्र आजारी पडत होत्या.

या म्हशींचा साऱ्याशी संबंध जप्तीच्याही आधीचा. फेरआकारणीचा अहवाल लिहिणारे डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांनी तालुका सुखवस्तू झाल्याचे जे पुरावे मांडले, त्यांत ताप्ती व्हॅली रेल्वे होती, पक्की घरे होती आणि वाढलेली दुभती जनावरेही होती. म्हणजे म्हशी वाढल्या म्हणून सारा वाढला, आणि सारा भरला नाही म्हणून त्याच म्हशी जप्त! ऑगस्टमध्ये तडजोड झाली. पुढे ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीने ही वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली. शाळेच्या इतिहासात बारडोलीची गोष्ट इथे संपते.

ढोल-शंखांच्या गोंगाटात, कोंदट अंधारात बांधलेल्या म्हशीच्या कासेत काय चालले असेल, हे मात्र कोणत्याही गवळ्याने सांगितले असते. बिचकलेले जनावर पान्हा चोरते. सड ओढून बोटे दुखली तरी धार येत नाही. रेडकू जवळ सोडले, त्याने दोन ढुशा दिल्या, समोर आंबोण आले, ओळखीचा हात कासेला लागला, की दोन-तीन मिनिटांत सड फुगतात. म्हशीच्या बाबतीत ही वाट पाहणे अटळ असते. गाईच्या कासेतल्या दुधापैकी सुमारे पाचवा हिस्सा सडांच्या वरच्या पोकळीत आधीच उतरलेला असतो. म्हशीत तो जेमतेम विसावा हिस्सा. बाकीचे सगळे वर, द्राक्षाच्या घोसासारख्या बारीक पुटकुळ्यांत अडकून राहिलेले असते आणि निरोप आल्याशिवाय ते खाली येत नाही.

हा निरोप कोण धाडते आणि तो कोणाला पोचतो, हा प्रश्न नेमका त्याच 1928 साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ऐरणीवर होता. स्ट्रिकर आणि ग्र्यूटर या दोघांनी पोष ग्रंथीचा अर्क सशाच्या माद्यांना टोचला आणि त्यांना दूध आले. तोवर दूध उतरवण्याचा मान बीजकोशाला दिला जात असे. हे काम तर मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी करत होती. त्या अर्कातल्या द्रव्याला ऑस्कर रिडल या अमेरिकन शास्त्रज्ञाने थोड्याच वर्षांत प्रोलॅक्टिन हे नाव दिले. रिडल काम करत होता कबुतरांवर. कबुतरे पिलांना गळ्यातल्या पिशवीतून दुधासारखा चोथा भरवतात, आणि तोही याच संप्रेरकाने तयार होतो.

प्रोलॅक्टिन दूध तयार करवते, पण ते बाहेर काढणारा निरोप दुसराच. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. तो पुटकुळ्यांभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या पेशींना मिळतो आणि त्या दूध पिळून खाली ढकलतात. भीतीने हा निरोप अडतो, हे 1941 मध्ये मिनेसोटात इली आणि पीटरसन यांनी जवळजवळ विनोदी वाटेल अशा प्रयोगाने दाखवले. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि शेजारी कागदी पिशव्या फोडल्या. गाय दचकली, दूध थांबले. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावरही तेच झाले. बारडोलीतल्या एखाद्या म्हातारीला हे मांजर न बसवताही ठाऊक होते. पण कोणते द्रव्य कोणत्या वाटेने जाते, हे गोठ्यातून कळणारे नव्हते.

गोठ्यातल्या ज्ञानाची दुसरी, काळी बाजूही होती. मोठ्या शहरांतल्या तबेल्यांत रेडकू पोसणे परवडत नसे. ते मरू दिले जाई आणि पेंढा भरलेले त्याचे कातडे म्हशीपुढे उभे केले जाई. त्याहून क्रूर प्रकार म्हणजे फुका. जनावराच्या योनीत नळीने हवा फुंकायची. तिथल्या ताणाने पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते आणि म्हैस नाइलाजाने पान्हा सोडते. दुभत्या जनावरांच्या अशाच छळाची वर्णने वाचून गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे मुंबईत आजारपणात कस्तुरबांच्या आग्रहाखातर ते शेळीच्या दुधावर आले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. कायदा होईपर्यंत बाजारात त्याहून सोपी वाट येऊ घातली होती. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवले आणि 1955 चे नोबेल मिळवले. त्यानंतर तबेल्यांत चोरून वापरली जाणारी इंजेक्शने ही भारतीय औषध प्रशासनाची कायमची डोकेदुखी होऊन बसली.

दुधाचा अभ्यास कर्करोगाकडे वळला तोही गोठ्यातून. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी पदवीसाठी दुग्धस्रवणावर प्रबंध लिहिला होता. व्यालेल्या गाईचे बीजकोश काढले की ती आटत नाही, म्हणून काही देशांतले शेतकरी तसे करतात, हे त्यांच्या वाचनात आले. स्तनाच्या पेशी बीजकोशाचे ऐकत असतील, तर बेभान वाढलेल्या स्तनाच्या पेशीही ऐकत असतील का? 1896 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले की बीजकोश काढल्यावर स्तनाच्या असाध्य गाठी आकसल्या. बीजकोशातल्या संप्रेरकाला पुढे मिळालेला इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा जन्मलेला नव्हता. पेशीतला त्याचा ग्राही (रिसेप्टर) शिकागोत एल्वुड जेन्सन यांना सापडायला 1950 चे दशक संपत यावे लागले.

दरम्यान अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांची एक विचित्र गोष्ट उलगडत होती. तिथे भावंडांचा संकर पिढ्यान्पिढ्या करून उंदरांचे शुद्ध वाण तयार केले होते. काही वाणांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास व्हायचा, काहींना क्वचित. दोन वाणांचा संकर केला तर मुलगी आईच्या वळणावर जायची; बाप कोणत्या वाणाचा, याने फारसे बिघडत नसे. अनुवंशाच्या हिशेबात हे बसेना. 1936 मध्ये जॉन बिटनर यांनी कर्करोगी वाणाची पिल्ले जन्मताच उचलून निरोगी दाईच्या अंगावर पाजली. कर्करोगाचे प्रमाण घसरले. दोष रक्तातून नव्हे, दुधातून येत होता. बिटनर यांनी त्याला सावधपणे ‘दुधातला घटक’ म्हटले. कर्करोगाच्या संदर्भात विषाणूचे नाव काढण्याची तेव्हा सोय नव्हती. तो घटक विषाणूच होता.

नेमक्या याच उंदरांच्या आणि याच विषाणूच्या मागे परळमधली एक मराठी बाई लागली.

कमल रणदिवे माहेरच्या समर्थ. जन्म 8 नोव्हेंबर 1917, पुणे. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. बारडोलीच्या उन्हाळ्यात त्या दहा वर्षांच्या होत्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्यांनी 1943 मध्ये एम.एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. गणिती ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी 1939 मध्ये लग्न होऊन त्या मुंबईला आल्या होत्या. झाडांची गुणसूत्रे मोजणारा माणूस कर्करोगाकडे कसा वळेल? मुंबईत त्याचे उत्तर होते एक इमारत आणि एक माणूस. इमारत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात, परळला फेब्रुवारी 1941 मध्ये उघडलेली. माणूस डॉ. वसंत रामजी खानोलकर, तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख.

खानोलकर पॅथॉलॉजिस्ट होते. मेलेल्या ऊतीच्या काचपट्ट्या वाचण्यात त्यांचा हात धरणारे देशात थोडे. पण कर्करोग समजायचा तर जिवंत पेशीला जिवंतपणी पाहिले पाहिजे, हे त्यांना पटलेले होते आणि त्यासाठी जीवशास्त्राचे पदवीधर लागणार होते. परदेशी प्रयोगशाळांकडे नुसते पाहत बसण्यापेक्षा उंदरांची वसाहत इथेच उभी करणे त्यांनी पसंत केले. त्यांच्या हाताखाली रणदिव्यांनी 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मग फेलोशिपवर त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेत वाढवण्याच्या कलेत गाय यांच्या तोडीचा माणूस तेव्हा नव्हता. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या आणि ‘हेला’ नावाने जगभर गेल्या.

1952 मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. परतलेल्या रणदिव्यांनी तिथे ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतात अशी ती पहिलीच. ऊतीसंवर्धन म्हणजे निर्जंतुकीकरणाची रोजची लढाई. एक बुरशीचा कण पडला की आठवड्यांची मेहनत वाया, आणि मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी काही पाहुण्यासारखी येत नाही, ती घरचीच असते. या कामात तरुण मुली मोठ्या संख्येने शिरल्या आणि टिकल्या. सुधा गंगल, रजनी भिसे अशी पुढे स्वतःच्या बळावर नावारूपाला आलेली माणसे याच संस्थेत घडली. उंदरांचा एक वाण संस्थेच्या आद्याक्षरांनीच, ‘आयसीआरसी’ म्हणून, शास्त्रीय वाङ्मयात गेला. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण त्याच्यात मोठे.

रणदिव्यांच्या कामाचे मोल त्यांनी मांडलेल्या प्रश्नात आहे, असे मागे वळून पाहताना वाटते. त्या काळी कर्करोगाच्या अभ्यासकांचे तट पडलेले होते. कोणी म्हणे अनुवंश, कोणी संप्रेरके, कोणी विषाणू. उंदराच्या स्तनग्रंथीत तिन्ही एकत्र भेटत होते. विषाणू दुधातून येतो, पण वाण ग्रहणशील नसेल तर तो काही करत नाही. आणि वाण ग्रहणशील असला, विषाणू शिरलेला असला, तरी गाठ वाढायला संप्रेरकांची साथ लागते. पिले झालेल्या मादीत आणि न झालेल्या मादीत म्हणूनच फरक दिसतो. कर्करोगाची ग्रहणशीलता संप्रेरके आणि विषाणू यांच्या परस्परक्रियेशी जोडून पाहणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत रणदिव्यांची गणना होते. एकच खलनायक शोधून मोकळे होण्याचा मोह त्यांनी टाळला, आणि पुढच्या घडामोडींत हा संयम उपयोगी ठरला.

कारण मोह मोठा होता. उंदरांच्या दुधात विषाणू असेल तर बायकांच्या दुधात का नसावा? शोधायला सगळ्यांत योग्य जागा मुंबई, असे अमेरिकन संशोधकांना वाटू लागले ते पारशी समाजामुळे. टाटा हॉस्पिटलच्या नोंदींत पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून बरेच जास्त दिसे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी. उदवाडा-नवसारी-सुरतच्या पट्ट्यातून, म्हणजे बारडोलीच्या शेजारातून, मुंबईत आलेला हा समाज शतकानुशतके आपसातच लग्ने करत आलेला. शुद्ध वाणाच्या उंदरांची सवय झालेल्या डोळ्यांना त्यात माणसांमधला तसाच वाण दिसला. उपमा अगोचर आहे, पण शास्त्रज्ञांच्या डोक्यात ती होती. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचे डॅन मूर आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये ‘नेचर’मध्ये लेख छापला. मुंबईतल्या पारशी बायकांच्या दुधाच्या काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. लेखकांच्या यादीत मुंबईच्या सत्यवती सिरसाट आणि जे. सी. पेमास्टर यांची नावे आहेत. सिरसाटांनी परळला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचा विभाग उभारला होता.

खळबळ झाली, अंगावर पाजावे की नाही अशी शंकाही निघाली. कण दिसणे आणि त्या कणाने कर्करोग होणे यांत मोठे अंतर होते आणि ते कधीच भरून निघाले नाही. माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू सर्वमान्य झालेला नाही. अंगावर पाजल्याने आईचा धोका उलट थोडा कमी होतो, हे पुढे मोठ्या पाहण्यांतून पक्के झाले. पारशी बायकांमधल्या वाढीव प्रमाणामागे उशिरा लग्न, उशिरा आणि कमी मुले, म्हणजेच संप्रेरकांचा वेगळा आयुष्यक्रम असावा, हे स्पष्टीकरण अधिक टिकले.

उंदरांचा विषाणू मात्र वाया गेला नाही. 1982 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला रोएल नुसे आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी त्यालाच खबऱ्या केले. हा विषाणू पेशीच्या डीएनएत कुठेही घुसतो. पण ज्या पेशींची गाठ झाली, त्यांच्यात तो कुठे घुसलेला असतो? पुष्कळ गाठींत जागा तीच निघाली. शेजारी एक जनुक होते, एरवी स्तनग्रंथीत गप्प असणारे, विषाणूने जागे केलेले. त्याला त्यांनी ‘इंट-1’ म्हटले. 1987 मध्ये कळले की फळमाशीतही हे जनुक आहे आणि माशीवाल्यांना ते आधीपासून माहीत आहे. ज्या माशीत ते बिघडते तिला पंख येत नाहीत.

ही बिनपंखी माशी सापडली होती दिल्लीत. पुसाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मांनी 1973 मध्ये तिची नोंद केली आणि 1976 मध्ये व्ही. एल. चोप्रांबरोबर तिच्यावर लेख लिहिला. हेच चोप्रा पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. गहू-तांदळाच्या संस्थेत कोणाला तरी माशी तपासत बसायला वेळ आणि मोकळीक मिळाली, ही गोष्ट संशोधनाचा पैसा वाटणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. माशी आणि उंदीर यांची नावे जुळवून या जनुक-कुळाला ‘विंट’ म्हणू लागले. विंट हा एका पेशीने शेजारच्या पेशीला धाडलेला निरोप आहे. गर्भारपणात स्तनातल्या दूधनलिकांना फांद्या फुटतात, त्यात याच कुळातल्या एकाचा हात असतो. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत याच निरोपाची साखळी सुरू झाली की थांबत नाही.

1928 च्या सशांचा हिशेबही असाच उशिरा पुरा झाला. प्रोलॅक्टिन पेशीच्या दारावर टकटक करते, पण केसीन या दुधाच्या प्रथिनाचे जनुक तर आत, केंद्रकात. मधला जासूद 1994 मध्ये बाझेलला बेर्न्ड ग्रोनर यांच्या गटाने दुभत्या मेंढ्यांच्या ऊतीतून वेगळा केला. प्रोलॅक्टिन आले की तो जागा होतो, केंद्रकात जातो आणि दुधाच्या प्रथिनाचे जनुक चालू करतो. आधी त्याचे नाव ‘स्तनग्रंथी घटक’ एवढेच होते. तो इतर अनेक ऊतींतही काम करतो असे दिसल्यावर त्याला ‘स्टॅट-5’ म्हणू लागले. रक्ताच्या काही कर्करोगांत हाच जासूद झोपायचे विसरतो.

रणदिवे 1966 ते 1970 संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. 1966 मध्येच संस्था हॉस्पिटलशी एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले होते. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील कामासाठी 1964 मध्ये त्यांना वाटुमल पारितोषिक मिळाले, 1973 मध्ये सहकारी बायकांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, 1982 मध्ये पद्मभूषण आले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या राजूरला आदिवासी मुलांच्या पोषणाच्या पाहणीत रमल्या. 11 एप्रिल 2001 रोजी त्या गेल्या. पुष्कळ मराठी घरांत त्यांचे नाव पहिल्यांदा पोचले ते 2021 मध्ये गुगलने वाढदिवसाला काढलेल्या चित्रामुळे. हुजूरपागेच्या मुलीची ओळख कॅलिफोर्नियातल्या कंपनीने करून द्यावी, हे तसे लाजिरवाणेच.

संशोधनाचा मोठा भाग 2002 मध्ये खारघरला हलला. परळला मात्र बीटसनचा जुना प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचला आहे. तिथल्या राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 1,000 रुग्णांवर तपासून पाहिले, की शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉन या बीजकोशाच्याच संप्रेरकाचे एकच इंजेक्शन दिले तर काय होते. 2011 मध्ये आलेला निकाल अर्धामुर्धा होता. सगळ्या रुग्णांचा एकत्रित फायदा सिद्ध झाला नाही. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या बायकांत तो दिसला. 2023 मध्ये दुसरा निकाल आला. कापण्याआधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे मिळते तेच बधिरीकरणाचे औषध, टोचले तर पाच वर्षे रोग न परतलेल्या बायकांचे प्रमाण 82.6 वरून 86.6 टक्क्यांवर गेले. चाचणीत भारतातली 11 रुग्णालये आणि सुमारे 1,600 बायका होत्या. चाकू लागताना गाठीतल्या पेशींना कोणता इशारा मिळतो, आणि ते औषध तो कसा अडवते, यावर आता काम चालू आहे.